भिंतीवरचा दोन

२ फेब्रुवारी, सोमवार

राग आला की लिहून काढावा, असं शाळेत बाई सांगायच्या. मॅट्रिकनंतर मी जे काही लिहिलं ते हिशेबाच्या वहीत. आजपासून त्याच वहीत मागच्या बाजूने लिहिणार आहे. पुढून हिशेब, मागून राग. नवी वही कशाला वाया घालवा?

राग सुनेचा आहे. दुपारी तिने एक जाडजूड पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. "आई, तुम्ही फक्त घड्याळ बघा. एका प्रश्नाला दोन मिनिटं. उत्तरं मागच्या पानांवर आहेत, ती मला दाखवू नका." म्हणजे घरात आता मी पहारेकरी!

लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडिलांनी चारचौघांत सांगितलं होतं, मुलीला नोकरीची हौस नाही. मी ते वाक्य जपून ठेवलंय. आता हिला अधिकाऱ्यांच्या भरतीची परीक्षा द्यायची आहे. वयाच्या अटीत ही शेवटचीच खेप, म्हणून घाई. शिकवणीच्या क्लासमध्ये एक निवडक तुकडी असते, जागा बारा, फी नाही, मोठे सर स्वतः शिकवतात. त्या तुकडीत शिरायची चाचणी पंधरा तारखेला. बाकीच्यांना फी भरून मागच्या बाकावर बसायचं, ते आपल्याला झेपणारं नाही. म्हणजे ही बारांत आली तर परीक्षा, नाही तर संपलं.

मुलगा वर्षभर दूरच्या गावी नोकरीला आहे. त्याची बदली इकडे व्हावी म्हणून मी एक डिसेंबरपासून तेरा आठवडे रोज स्तोत्र म्हणायचं देवाला बोलले आहे. त्याला फोनवर हे परीक्षेचं सांगितलं तर म्हणाला, "करू दे ना आई तिला. तिच्या उपयोगी पडेल." माझा मुलगा मनाने मोठा आहे. सुनेला त्याची कदर नाही. फोन आला की तोंड पाडून गॅलरीत जाते.

३ फेब्रुवारी, मंगळवार

हे कसलं गणित! लिहूनच ठेवते, म्हणजे पुढे कुणी मला वेडी म्हणायला नको.

वर एक प्रश्न असतो. खाली दोन विधानं. उत्तर काढायचं नाही! फक्त एवढंच सांगायचं, की उत्तर काढायला ही माहिती पुरते का. पहिलं विधान एकटं पुरत असेल तर अ. दुसरं एकटं पुरत असेल तर ब. दोन्ही मिळून पुरत असतील तर क. कुठलंही एक चालत असेल तर ड. दोन्ही मिळूनही पुरत नसतील तर इ.

आजचा प्रश्न: क्ष ही मूळ संख्या आहे का? विधान एक, क्ष ही वीस आणि तीस यांच्या मधली विषम संख्या आहे. विधान दोन, क्षला तीनने भाग जात नाही आणि पाचनेही जात नाही.

मूळ संख्या म्हणजे एकाहून मोठी, आणि जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणी भागू शकत नाही. ते मला आठवत होतं. मी वहीच्या कडेला मांडलं: एकवीस, तेवीस, पंचवीस, सत्तावीस, एकोणतीस. तीनचे आणि पाचचे खोडले. उरले तेवीस आणि एकोणतीस, दोन्ही मूळ. मी म्हटलं, "ब! दुसऱ्या विधानाने काम झालं."

सून हसली. "आई, दुसरं विधान वाचताना पहिलं विसरायचं असतं. वीस आणि तीसच्या मधली हे दुसऱ्यात कुठे म्हटलंय? आठलाही तीनने, पाचने भाग जात नाही. आठ मूळ आहे का?"

"मग उत्तर?"

"क. दोन्ही मिळून."

"पण तेवीस की एकोणतीस ते तर कळलंच नाही!"

"कळायची गरज नाही. मूळ आहे का, एवढंच विचारलंय. दोन्ही मूळच आहेत, म्हणजे पुरेसं."

मला इतका संताप आला की मी पुस्तक मिटलं. आयुष्यभर मी बेरीज जुळल्याशिवाय पान उलटलं नाही, आणि इथे गणित अर्धवट टाकून उठतात आणि त्याला हुशारी म्हणतात! आणि घरात एकदा ऐकलेलं वाक्य विसरायचं कसं? कुणाला जमतं ते?

७ फेब्रुवारी, शनिवार

चार दिवस लिहिलं नाही कारण चार दिवस हेच सोडवत होते. सुनेला कळू न देता. तिने दुपारी सोडवलेलं मी सकाळी भाजी निवडताना पुन्हा सोडवते.

ती हुशार आहे, पण एक खोड वाईट आहे. दोनला विसरते. सगळ्या मूळ संख्या विषम, असं धरून झरझर पुढे जाते आणि आपटते. दोन हीसुद्धा मूळच आहे, सगळ्यात लहान, आणि सगळ्यांत तीच एकटी सम. आज तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मी कोळशाचा तुकडा घेतला आणि गॅसच्या वरच्या भिंतीवर केवढा तरी दोनचा आकडा काढला.

"आई! भिंत!"

"राहू दे. भिंत पुसता येते. परीक्षेत चुकलेलं पुसता येत नाही."

हे खालच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातून जेवायला वर आले, आकड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे काय, दोनच पोळ्या वाढून घ्यायच्या का आजपासून?" सुनेने समजावून सांगितलं. तर म्हणतात, "म्हणजे बाकी सगळे विषम, आणि एकटा बिचारा सम. तो तर मीच झालो या घरात." सून खळाळून हसली. मला तिचं हसू कितीतरी महिन्यांनी ऐकू आलं, असं वाटलं. मग वाटलं, हसायला हिला वेळ आहे, नवऱ्याला फोन करायला नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

प्रश्न होता: क्ष मूळ आहे का? विधान एक: क्ष बरोबर एक्याण्णव. सून क्षणभर अडकली. दिसायला एक्याण्णव अगदी मूळ दिसते. दोन, तीन, पाच कुणीच भागत नाही. मी मात्र पटकन म्हटलं, "सात तेरे एक्याण्णव. माझं स्तोत्र तेरा आठवड्यांचं आहे, मला कोण फसवणार?"

मग मी विचारलं, "पण उत्तर तर 'नाही' आलं. मूळ नाही. मग माहिती पुरेशी कशी?"

"आई, 'नाही' हेसुद्धा उत्तरच असतं. 'बहुतेक', 'कधी हो कधी नाही', 'बघू', ते पुरत नाही. ठाम 'नाही' पुरतं."

हे सांगताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. भांडी घासायला उठली. माझी पाळी होती घासायची.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज चाचणी झाली. सकाळी साडेसातला मुलाचा फोन आला. मी म्हटलं, बघ, आठवणीने केला. ती गॅलरीत जाऊन बोलली आणि आत आली ती डोळे लाल करून. नवऱ्याने आशीर्वादाचे दोन शब्द बोलावेत आणि हिने रडावं! मी चांगलीच बोलले, "परीक्षेला जाताना अशी सुतकी तोंडं करतात का? देवाला नमस्कार कर आणि नीघ." तिने नमस्कार केला. बराच वेळ वाकलेलीच होती.

"दोन विसरू नकोस," मी जिन्यावरून ओरडले. तिने वर न बघता हात हलवला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

माझं डोकं फिरलंय.

क्लासने चाचणीचा पेपर आणि सरांनी काढलेली उत्तरं लावली. निकाल शुक्रवारी. सून दोन्हींच्या प्रती घेऊन आली आणि टेबलावर टाकून आत गेली. मी चष्मा लावून बसले आणि तीसच्या तीस सोडवले.

एकोणिसावा असा: प आणि फ या दोन वेगळ्या मूळ संख्या आहेत. त्यांची बेरीज सम आहे का? विधान एक, प सातपेक्षा मोठी आहे. विधान दोन, फ सातपेक्षा लहान आहे.

प अकरा घ्या. फ तीन घेतली तर चौदा, सम. फ दोन घेतली तर तेरा, विषम. कधी हो, कधी नाही. दोन्ही विधानं मिळूनही पुरत नाहीत. उत्तर इ. शंकाच नाही.

आणि सरांच्या कागदावर? क! सर दोनला विसरले! जो दोन मी भिंतीवर काढून ठेवलाय, जो माझी सून झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल, तो दोन एवढ्या मोठ्या क्लासच्या मोठ्या सरांना माहीत नाही! म्हणजे माझ्या सुनेचं बरोबर उत्तर चूक धरणार. एका गुणावर जागा जातात तिथे.

मी आत जाऊन म्हटलं, "उद्या मी क्लासमध्ये जाते."

ती दचकली. "कशाला आई? राहू द्या ना."

"राहू कसं देऊ? एकोणिसावा चूक आहे!"

"माहीत आहे. राहू द्या. प्लीज."

"हेच तुझं वाईट. हक्काचं मागायलाही भितेस. तू बस घरात, मी बघते."

ती काहीतरी बोलणार होती. पण मी बोलत होते.

१८ फेब्रुवारी, बुधवार

गेले आणि जिंकून आले!

बाहेरच्या टेबलावर एक मुलगी होती. म्हणाली, "सर कामात आहेत." मी म्हटलं, "मीही काम टाकूनच आलेय." आणि सरळ आत.

मोठे सर फळ्यापाशी होते, समोर वीस-पंचवीस जण. "कोण आपण?"

"एका विद्यार्थिनीची सासू. तुमचा एकोणिसावा चुकलाय."

वर्गात कुणीतरी खुसखुसलं. सर हसून म्हणाले, "बाई, आपलं शिक्षण?"

"मॅट्रिक. पण दोनपर्यंत मोजता येतं."

त्यांनी खडू उचलला. माझ्यासारख्या बाईला समजावून सांगायचं तसं सावकाश लिहिलं: "हे बघा. सातपेक्षा मोठी मूळ संख्या, विषम. अकरा, तेरा, सतरा. सातपेक्षा लहान मूळ संख्या, तीन, पाच. त्याही विषम. विषम अधिक विषम, सम. दोन्ही विधानं मिळून पुरेसं. क."

"तीनच्या आधी काय येतं, सर?"

खडू फळ्यावर होता तिथेच थांबला. मग त्यांनी स्वतःच अकरा अधिक दोन लिहिलं, खाली तेरा लिहिलं, आणि तेराकडे बघत उभे राहिले. मग मागच्या बाकावरून एकाने टाळी वाजवली, आणि सर त्याला गप्प करण्याऐवजी स्वतःच म्हणाले, "वाजवा. माझी चूक आहे."

त्यांनी माझ्यासमोर उत्तर बदलून सही केली आणि मुलीकडून दारावर लावून घेतलं. माणूस खोटा नाही, एवढं म्हणेन. पण माझा राग काही लगेच उतरला नाही. इतकी वर्षं कुणी बोललंच नाही का यांना?

घरी येऊन सगळं साभिनय सांगितलं. हे पोट धरून हसले. सुनेच्या हातातून झारा खाली पडला. "बदललं त्यांनी?" म्हणाली. "बदललं! सहीसकट!" मी म्हटलं. ती झारा उचलायलाही वाकली नाही. मी समजले, आनंदाने सुचत नसेल.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

तेरावी आली. जागा बारा. एक गुण कमी.

मी म्हटलं, "असं कसं? एकोणिसाव्याचा गुण धरून?"

"तो धरूनच," ती म्हणाली. "म्हणजे तो कापून. मी क लिहिलं होतं, आई."

मला कळेचना. "पण क तर चूक."

"हो. चूक. मीही विसरले दोन. सरांसारखीच विसरले. सरांचं उत्तर होतं तसंच राहिलं असतं तर मी बारावी होते." आणि मग ती ओरडली. सहा वर्षांत पहिल्यांदा. "मी राहू द्या म्हणाले ना! तुम्ही मला एकदा तरी विचारलंत, मी काय लिहिलंय ते? एकदा? तुम्हाला सगळं आधीच माहीत असतं!"

हे जिन्यात उभे होते, वर आले नाहीत.



२१ फेब्रुवारी, शनिवार

आज दिवा लावून देवाशीच भांडले. खरं बोलायला गेले, खरं करून आले, आणि शिक्षा तिला का? हाच का तुझा न्याय?

स्तोत्र म्हणताना दोनदा ओळ चुकली. मग बसून नीट विचार केला. उत्तर चूक होतं ते चूकच होतं. ते बदललं याचं मला वाईट वाटत नाही, आजही वाटत नाही. ज्यांनी बरोबर लिहिलं त्यांचा गुण कुणी का खावा? पण मी गेले ते त्यांच्यासाठी नव्हते गेले. मी गेले माझ्या सुनेने इ लिहिलंय असं धरून. कशावरून धरलं? भिंतीवर दोन आहे, यावरून. माझ्या हातात एकच विधान होतं आणि मी उत्तर लिहून मोकळी झाले. रोज तिला ज्याबद्दल बोलते, तीच चूक.

ती बोलत नाही. वाढते, उचलते, आत जाते. पुस्तक माळ्यावर ठेवून दिलंय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा क्लासमध्ये गेले. या वेळी टेबलावरच्या मुलीने उभं राहून खुर्ची दिली.

सर आधीच म्हणाले, "बाई, तुमच्या सुनेचं मला कळलं नंतर. पण यादी आता..."

"यादीत हात घालायला आले नाही. जागा मागितली तर मी कोण राहिले? मला विचारायचं होतं, तुमच्या बाकीच्या पेपरांत अशा किती चुका आहेत?"

ते ओशाळले. मग कपाटातून दोरीने बांधलेला गठ्ठा काढला. मागच्या पाच वर्षांचे सरावाचे पेपर, उत्तरांसकट. "तपासायला कुणाला वेळच झाला नाही. तुम्ही बघाल?"

"बघेन. पण तपासून होईपर्यंत ते माझ्या घरी राहतील. आणि घरात आणखीही कुणी बघितले तर चालतील ना?"

सर पहिल्यांदा मनापासून हसले. "चालतील."

गठ्ठा टेबलावर ठेवला आणि सुनेला म्हटलं, "मला एकटीला हे झेपायचं नाही. तुला जमेल का? नाही म्हणालीस तरी चालेल." ती गठ्ठ्याकडे बघत म्हणाली, "बघू."

'बघू' पुरत नाही, हे तीच मला सांगून चुकलीय. पण मी गप्प बसले.

१ मार्च, रविवार

आज एक्याण्णवावा दिवस. स्तोत्र पूर्ण झालं. दिवा तसाच तेवत ठेवून मी मुलाला फोन लावला. म्हटलं, त्याला सांगावं, तुझ्यासाठी तेरा आठवडे एक दिवस चुकवला नाही.

तो म्हणाला, "आई, बदलीचं आता डोक्यातून काढ. मी इथेच घर घेतलंय."

"घर? अरे मग बायकोला कधी नेतोस?"

"तिला परीक्षा देऊ दे. नंतरचं ती बघेल. मी तिला सांगितलंय सगळं."

"सगळं म्हणजे?"

फोनमध्ये त्याच्या मागून एका बाईचा आवाज आला, "चहा आत्ता ठेवू की तुझं बोलून झाल्यावर?" पाहुणीचा नव्हता तो आवाज. डबे कुठे आहेत ते माहीत असलेल्या बाईचा होता.

फोन ठेवला. इतके दिवस त्याचं प्रत्येक वाक्य मी एकच गोष्ट मनात धरून वाचत आले होते: तो माझा मुलगा आहे, मी त्याला ओळखते. आज ते बाजूला ठेवलं. जमत नव्हतं, पण ठेवलं. आणि दुसरं विधान एकटं वाचलं. घर घेतलंय. तिचं ती बघेल. चहा ठेवू का. कुणाची जोड लागली नाही. एकटं पुरेसं होतं. उत्तर 'नाही' होतं, आणि 'नाही' हेसुद्धा उत्तरच असतं.

सून टेबलाशी होती. तीन दिवसांपूर्वी तिने आपण होऊन गठ्ठ्याची दोरी सोडली होती. मी समोर बसले आणि या वेळी आधी विचारलं. "तुला कधी कळलं?"

तिने पेन्सिल खाली ठेवली. "पंधरा तारखेला. सकाळी."

चाचणीच्या सकाळी. गॅलरीत. आणि मी जिन्यावरून ओरडत होते, दोन विसरू नकोस म्हणून!

"माझ्यावर एवढी ओरडलीस त्या दिवशी. तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुमचं स्तोत्र चालू होतं ना आई. त्यांच्या बदलीसाठी. मध्येच कसं सांगायचं? म्हटलं, एक्याण्णव होऊ देत."

मी उठून देवापाशी गेले, दिव्यात तेल घातलं, परत आले. रडले नाही. मला आलाय तो राग आहे, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तो योग्य माणसावर आहे. फोनवर त्याला सांगायचं ते उद्या सांगेन, यांच्यासमोर सांगेन, आणि शब्द मोजणार नाही.

"ऐक," मी म्हटलं. "परीक्षा होईपर्यंत तू इथून कुठेही जायचं नाहीस. नंतर इथे राहायचं, माहेरी जायचं की स्वतःचं घर करायचं, ते तू ठरवशील. मी काही धरून चालणार नाही. मी विचारीन."

तिने डोळे पुसले, आणि गठ्ठ्यातला वरचा पेपर माझ्याकडे सरकवला. "यातला सातवा बघा. मला वाटतं, सरांचं इथेही चुकलंय."

"दोन?"

"नाही. या वेळी एक. एकला मूळ धरलंय त्यांनी."

"अरे देवा," मी म्हटलं, आणि घड्याळाला किल्ली दिली. "बघू नंतर. आधी तू आठवा सोडव. दोन मिनिटं."